मामांना ओळखणारी कातीण

लग्न होऊन सोलापुरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांनी हाक मारली, "सूनबाई, ये जरा. घरातल्या एकीला तू अजून भेटली नाहीस." मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लगबगीनं सोप्यात गेले. वाटलं, कुणी अंथरुणाला खिळलेली चुलत आजेसासू असेल, पाया पडून घ्यावं. बघते तर भिंतीतल्या कोनाड्यात तडा गेलेली काचेची पेटी, पेटीत चार बोटं माती, मातीत बीळ आणि बिळाच्या तोंडाशी माझ्या पंज्याएवढी केसाळ कातीण. मी अर्धी वाकले होते ती तशीच राहिले.

"पाया नको पडूस," सासरे म्हणाले, "नवीन माणसाला घाबरते ती."

मी नातेपुत्याकडची, शेतातली पोर. कोळ्याला आम्ही कातीण म्हणतो, आणि असल्या कातिणी आमच्या बांधाला ढिगानं. लहानपणी बिळात काडी घालून त्यांना बाहेर काढायचा आमचा धंदाच होता. त्यामुळे शहरातल्या सुनेनं जी किंकाळी फोडली असती ती मला काही जमली नाही. मी काचेला नाक लावून बघितलं आणि म्हटलं, "लई पोसलीय की वो मामा." आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात. त्या एका वाक्यावर मामांनी मला पसंत केलं. आधी मुलगी बघायला आले होते तेव्हा तोंडातून शब्द काढला नव्हता त्यांनी.

मामा एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. बेडूक धरून आणायचे, झुरळं पुरवायची, मुलांनी फाडून ठेवलेलं सगळं आवरायचं, आणि जे जपून ठेवायचं ते बरणीत घालून वर फॉर्मॅलिन ओतायचं. तीस वर्षं हेच केलं. रिटायर व्हायच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या साहेबांना कुठल्याशा इमारतीच्या खणलेल्या पायात ही कातीण सापडली. टॅरँटुला म्हणतात म्हणे तिला. साहेबांनी ती मामांच्या हातात दिली आणि बरणी दाखवली. मामांनी बरणीचं झाकण काढलं, बाटली उचलली, आणि त्यांचा हातच चालेना. "तीस वर्षांत पहिल्यांदा," ते मला सांगायचे, "ती माझ्याकडं बघत होती गं."

"आठ डोळं असत्यात मामा तिला. एखादा तरी तुमच्याकडं असणारच की."

साहेबांना त्यांनी सांगितलं, मेली, टाकून दिली. आणि जेवणाच्या डब्यातून घरी आणली. ज्या डब्यातून आत्याबाईंनी तीस वर्षं भाकरी दिली त्याच डब्यातून. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी तो डबा भंगारवाल्याला देऊन टाकला आणि महिनाभर नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. कॉलेजनं मोडीत काढलेली काचेची पेटीही मामांनी मागून आणली. ती ठेवायला घरात जागा मिळाली ती सोप्यातल्या कोनाड्याची, कारण तिथं आत्याबाईंचं काही ठेवणं नव्हतं. भिंतीला भिंत लागून शेजारी मागांचा कारखाना होता, आणि त्या भिंतीत काही ठेवलं तर थरथरून खाली पडतं हे त्यांना माहीत होतं. पडली तर बरंच, असा त्यांचा हिशेब असणार.

आता त्या मागांबद्दल सांगते. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता आणि सोलापुरात चादरींचे माग पुन्हा जोरात चालू झाले होते. शेजारी आठ माग. सकाळी सातला जे सुरू व्हायचे ते दिवसभर धडाड्‌धड धडाड्‌धड. मला पहिले कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही. ताटातली आमटी थरथरायची. मी कानात कापूस घालून भाकऱ्या थापायचे आणि आत्याबाई काय म्हणतात ते त्यांच्या ओठांवरून ओळखायचे. आणि घरातल्यांना विचारावं तर म्हणायचे, "कसला आवाज?" मला वाटायचं, माझी चेष्टा करतात. तसं नव्हतं. जन्म त्या आवाजात गेलेला, त्यांना तो ऐकूच यायचा नाही. पुढं वर्षा-दोन वर्षांत मलाही ऐकू येईनासा झाला, पण तेव्हा तो माझ्या डोक्यात बसलेला होता.

मामा रिटायर झाले तरी रोज दहाला शर्ट घालून कॉलेजात जायचे. लॅबमध्ये आपल्या जुन्या स्टुलावर बसायचे, आणि नवा अटेंडंट काय काय चुकतो ते बघायचे. तो बिचारा किती वैतागत असेल. चारच्या ठोक्याला मामा घरी. चपला काढल्या की हातपाय न धुता सरळ कोनाड्यापुढं. दोन बोटांनी काचेवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "काय बाई, आहेस का?" आणि ती यायची. खोटं सांगत नाही. आधी पुढचे दोन पाय, मग ते केसाळ अंग, आणि येऊन काचेला पाय लावून उभी. मामांचा चेहरा असा फुलायचा की एकुलत्या एका पोराच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, जन्माच्या वेळीही तेवढा फुलला नसेल.

"मला ओळखते," मामा म्हणायचे. "दुसऱ्या कुणासाठी येते का? बघितलंय कुणी? रविवारी मी दिवसभर घरी असतो, तर दिवसभर बाहेर असते. तिला बरोबर कळतं."

"आमच्या बांधावरच्या कातिणी कुणाला वळखत न्हाईत, मामा."

"त्यांना कुणी कधी हाक मारली होती का?"

काडी घालून बाहेर काढणं ही काही हाक नव्हे.

आत्याबाई स्वयंपाकघरातून नुसत्या भांडी आपटायच्या. त्यांचा राग कातिणीवर कमी आणि मामांवर जास्त होता, हे मला दोन महिन्यांत कळलं. कातिणीनं कात टाकली तर मामा गल्लीभर सांगून आले. "आणि मी," आत्याबाई एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "ते हिरवं लुगडं घेतलं त्याला दोन दिवाळ्या झाल्या. अजून ह्यांना कळलं नाही की हिच्या अंगावर काहीतरी नवं आहे. माझ्यापेक्षा त्या ध्यानाकडं जास्त बघतात." मला हसू आलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून मी ते गिळलं.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी एकटीच घरात होते. आत्याबाई भाजीला गेलेल्या, मामा कॉलेजात आपल्या स्टुलावर. मी सोपा झाडत होते. आणि एकदम सगळं गप्प झालं. लाइट गेली होती आणि आठही माग थांबले होते. मला इतकं हलकं वाटलं की केरसुणी हातात घेऊन मी तशीच कोनाड्यापाशी टेकले. घाम पुसायला हात वर केला आणि माझ्या बांगड्या काचेला लागल्या.

ती बाहेर आली. आली आणि माझ्यासमोर काचेला पाय लावून उभी राहिली.

काय सांगू, मला भरून आलं. दोन महिने झाले होते त्या घरात. नवरा सकाळी कचेरीत जायचा तो दिवेलागणीला यायचा, सासू माझ्या बोलण्याला "गावंढळ" म्हणायची, गल्लीतल्या बायका मला "कारकुनाची बायको" म्हणायच्या. आणि ही आठ पायांची बया आपण होऊन मला भेटायला आली होती. मी तिच्याशी पुष्कळ बोलले. माहेरच्या बांधावर काड्या घातल्याबद्दल माफीसुद्धा मागितली. आणि मग लाइट आली, धडाड्‌धड सुरू झालं, आणि ती पाठ फिरवून बिळात गेली.

दुसऱ्या दिवशी अकराला मी मुद्दाम गेले. बांगड्या वाजवल्या. येईना. तिसऱ्या दिवशी गेले. येईना. मी तिला चांगल्या दोन शिव्या हासडल्या. पण त्या दिवशी चारला मामा आले, टकटक केली, ती बाहेर आली, आणि मला जाणवलं की माझ्या डोक्यातली धडाड्‌धड थांबलीय. शेजारी चहाची सुट्टी झाली होती. रोज चारलाच व्हायची. पाव तास माग बंद. मग मला रविवार आठवला. रविवारी मागांनाही सुट्टी. सगळं माझ्यासमोर लख्ख झालं.

तरी मी पोर चिवट. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा बांगडी वाजवली, ती आली. एकदा चारला मामा गल्लीच्या तोंडाशी दिसत होते तेवढ्यात आधी जाऊन मी टकटक केली, माझ्यासाठी आली. भिंत थरथरत असली की तिला टकटक कळायचीच नाही. भिंत थांबली की कळायची, आणि तिला वाटायचं, झुरळ चाललंय. म्हणजे मामा तिच्या लेखी एक झुरळ होते. मीही. मला तिचा फार राग आला. एवढी माफी मागितली होती मी.

मामांना मात्र सांगितलं नाही. एक तर त्यांचा तो फुललेला चेहरा मला मोडायचा नव्हता. आणि दुसरं, खोटं कशाला बोलू, पोटात असलं गुपित ठेवून माणसाला चहा द्यायला लई मजा येते.

मजा संपली ती दुधनीहून आलेल्या पत्रानं. आत्याबाईंच्या थोरल्या बहिणीचे गुडघे धरले होते आणि औषधपाण्यासाठी त्या महिनाभर आमच्याकडं यायच्या होत्या. त्या झोपायच्या सोप्यात. आणि कातीण अंगावरून गेली की फोड येतात, ह्या विषयावर त्या तासभर बोलू शकत.

"ताई येण्याआधी हे ध्यान घराबाहेर," आत्याबाईंनी जाहीर केलं.

"ती मला ओळखते," मामा म्हणाले. "ओळख असलेल्या जिवाला घराबाहेर काढायचं नसतं."

आत्याबाईंनी पत्राची घडी घातली. त्या शांत झाल्या की मला भीती वाटायची. "ओळखते ना? मग ताईसमोर दाखवा. आधी मी बसते, मग सूनबाई बसेल, मग तुम्ही. तुमच्या एकट्याच्याच वेळी आली तर राहू दे, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही तर त्याच दिवशी कॉलेजात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवायची."

"बांधावर सोडून येऊ की मी नातेपुत्याला," मी मध्ये तोंड घातलं.

"नको. तुमचे मामा म्हणतात ना ओळखते? मग हुडकत परत येईल."

साहेबांच्या टेबलावर म्हणजे बरणीत, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मामांना तर फॉर्मॅलिनची बाटली कुठल्या फळीवर आहे तेही माहीत होतं. पण त्यांनी एका क्षणात हो म्हटलं. इतका विश्वास होता त्यांचा. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मला ह्यात ओढू नका," आणि डबा घेऊन कचेरीत गेले.

मामांना वाटलं होतं, परीक्षा चारला होईल. पण ह्या दुधनीच्या मावशी दुपारी जेवल्या की झोपतात त्या पाचपर्यंत उठत नाहीत. तेव्हा सकाळी अकराला, असं ठरलं. मामा म्हणाले, "कधीही घ्या." आणि मी एकटीच जाणत होते की अकराला माग चालू असतात, कातीण कुणासाठीही येणार नाही, आणि मामांना आपल्या हातानं तिला त्या टेबलावर नेऊन ठेवावं लागेल.

मी परसातून शेजारी गेले. मागवाल्यांची घरची भाषा तेलुगू. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हात चालूच होते.

"कोळ्यासाठी माग बंद करायचे?" अक्का म्हणाली. "आमच्या घरात जचकी झाली, पोर जन्मलं, तरी बंद केले नाहीत."

"पाचच मिनिटं, अक्का. मामांची पाळी आली की. न्हायतर त्या बाईला मारत्यात."

"कुठल्या बाईला?"

"कातिणीला."

अक्कानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग विचारलं, "तुझ्या मामांची पाळी आली हे मला इथं कसं कळणार?"

आमच्या परसात वाळवणाची दांडी होती आणि ती अक्काच्या खिडकीतून सरळ दिसायची. मी म्हटलं, माझं लाल लुगडं आहे. ते दांडीवर पडलं की समज. अक्का म्हणाली, मालक त्या वेळी सूत आणायला जातो, तेव्हा बटण माझ्या हातात. पण पाच मिनिटं म्हणजे पाचच, सहावं नाही.

मी उड्या मारत घरी आले. स्वतःची पाठ थोपटायची बाकी ठेवली होती. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही, कारण मावशींना मी तोवर पाहिलंच नव्हतं.

मावशी सकाळच्या पॅसेंजरनं आल्या. आल्या आल्या त्यांनी आंघोळीचं पाणी मागितलं. प्रवासातून आलं की आंघोळ केल्याशिवाय घोटभर पाणीही प्यायच्या नाहीत. आणि आंघोळीनंतर आपलं लुगडं आपणच पिळायचं, आपणच वाळत घालायचं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, सुनेनं तर नाहीच. मी मदतीला पुढं झाले तशी त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागंच सरले आणि पाट मांडायला आत पळाले. गुडघे धरलेल्या बाईला परसात जाऊन यायला वेळ लागला. मग त्या सोप्यात आल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "हां, दाखवा तुमची करामत."

आत्याबाई कोनाड्यापुढं बसल्या. नाकाला पदर लावून, जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब. हात लांबवून त्यांनी एका बोटानं काचेवर टिचकी मारली, जणू काच तापलेली होती.

आणि माग थांबले.

मी उभी होते तिथून परसदार दिसत होतं. दांडीवर लाल लुगडं. मावशींचं. इरकली, लालभडक, पाणी निथळत होतं त्याचं. माझं लुगडं माझ्या काखेत होतं. मी परसाकडं धावणार तेवढ्यात आत्याबाईंनी दुसरी टिचकी मारली आणि कातीण बाहेर आली. आधी पुढचे दोन पाय, मग ते केसाळ अंग. आली ती सरळ आत्याबाईंच्या बोटासमोर काचेला पाय लावून उभी राहिली.

मावशी पाटावरून जरा मागं सरल्या. आत्याबाईंच्या नाकावरचा पदर गळून पडला. त्यांनी बोट डावीकडं नेलं, कातीण डावीकडं वळली. बोट उजवीकडं नेलं, ती उजवीकडं. मी आत्याबाईंचा चेहरा बघत होते. तो चेहरा मी त्या घरात रोज चार वाजता बघायचे, पण मामांचा.

"सूनबाई, तू बस आता," मावशी म्हणाल्या. मी बसले, काचेला बोट लावलं नाही, कातीण आत्याबाईंच्याच दिशेला उभी होती, आणि जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला, वेड्यासारखा, कशासाठी ते माझं मलाच माहीत नाही. अक्कानं बरोबर पाच मिनिटं मोजली. धडाड्‌धड सुरू झालं आणि कातीण आत गेली.

मग मामा बसले. दोन बोटांनी टकटक केली. "काय बाई, आहेस का?" ते हसत होते. पुन्हा टकटक केली. मी परसात जाऊन माझं लुगडं दांडीवर टाकलं, मावशींच्या लुगड्याशेजारी. अक्का खिडकीत आली, तिनं दोन्ही हात हलवून 'झाली पाच मिनिटं' अशी खूण केली आणि आत गेली. मी परत आले तेव्हा मामा अजून टकटक करत होते. आता ते हसत नव्हते. "झोपली असेल," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "दमली असेल." शेवटी त्यांनी हात मांडीवर घेतला.

"ओळखते तर खरं," मावशींनी निकाल दिला. "पण हिला."

मामा उठले. खुंटीवरचा शर्ट घातला, एकेक बटण लावलं आणि कोनाड्यातून पेटी उचलली. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"कुठं निघालात?"

"कॉलेजात. ठरलं ते ठरलं."

"ठेवा ती खाली. ओळख असलेल्या जिवाला घराबाहेर काढायचं नसतं, असं कोण म्हणत होतं?"

"अगं, मग मी कुठं झोपू?" मावशींनी विचारलं.

"स्वयंपाकघरात झोप, ताई. ऊब असते तिथं."

कातीण वाचली. मी त्याचा आनंद मानायला हवा होता, आणि पहिला दिवसभर मानलाही. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता मामा आले, चपला काढल्या, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन भिंतीकडं तोंड करून चहा पीत बसले. सोप्यातून टिचकीचा आवाज आला. मग आत्याबाईंचा, "आलीस का गं?" मामांनी बशी तोंडाला लावली ती बराच वेळ काढली नाही. तिसऱ्या दिवशी ते कॉलेजात गेले नाहीत. चौथ्या दिवशीही नाहीत. दाढी वाढली. आत्याबाई मात्र चारच्या आधी वेणीफणी करून कोनाड्यापुढं हजर असायच्या आणि गल्लीतल्या बायकांना सांगायच्या, "ह्यांनी एवढं केलं तिचं, पण माया कुणाची ते मुक्या जिवाला कळतं."

पाचव्या दिवशी सकाळी दोघी बहिणी देवळात गेल्या तेव्हा मला राहवेना. मामा सोप्यात बसले होते, कोनाड्याकडं पाठ करून. मी समोर जाऊन बसले आणि सगळं ओकले. लाइट गेलेली, बांगड्या, चहाची सुट्टी, रविवार, अक्का, लाल लुगडं, मावशींचं इरकली. "ती तुमाला वळखत न्हाय मामा, पर आत्याबाईंनाबी वळखत न्हाय. माग थांबला की टकटक तिला कळती, यवढंच हाय."

"माग?" मामा म्हणाले. "कुठला माग?"

"ह्यो काय. वाजतोय की."

ते ऐकत राहिले. मान तिरकी केली. मग उठले आणि कोनाड्याशेजारी भिंतीला तळहात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"सूनबाई, हे दिवसभर असंच असतं?"

"व्हय."

"आणि तुला ऐकू येतं?"

"डोकं फिरायची पाळी आलीया, मामा."

त्यांनी दुसराही हात लावला. तीस वर्षं त्या घरात राहिलेला माणूस, भिंत पहिल्यांदाच भेटल्यासारखा उभा होता. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणजे तिच्या लेखी मी झुरळ."

"मोठं झुरळ."

मामांना हसू फुटलं. इतकं हसले की डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसत म्हणाले, "बरोबरच आहे की गं. तीस वर्षं मी झुरळंच पुरवत आलो." मग त्यांनी दाढी केली. मला एवढं बरं वाटलं की मी सांगून टाकलं, आज चारला आत्याबाईंनाही सगळं सांगते, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.

चारला आत्याबाई कोनाड्यापुढं बसल्या. देवळात गेल्या होत्या म्हणून अंगावर ते हिरवं लुगडं होतं. आता नाकाला पदरबिदर काही नव्हता, गुडघे भिंतीला टेकले होते. मामा येऊन त्यांच्या मागं उभे राहिले आणि भिंतीला हात लावला. मी दारात होते. माग थांबले. मामांच्या तळहाताखाली भिंत थांबली असणार, कारण त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. आत्याबाईंनी टिचकी मारली. ती आली.

"आली बघा," आत्याबाई म्हणाल्या.

मी बोलायला तोंड उघडलं. मामांनी भिंतीवरचा हात काढला आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.

"आली खरी," ते म्हणाले. "तुला ओळखते गं ती." मग जरा खाली वाकून म्हणाले, "हे लुगडं नवं घेतलंस का?"

"दोन दिवाळ्या झाल्या," आत्याबाई काचेवरची नजर न काढता म्हणाल्या, आणि थोड्या बाजूला सरकल्या. "बसा. तुम्हालाही ओळखायला लागेल ती, हळूहळू."